तेल बघितलं होतं

शहापूर, बेळगाव
३ ऑक्टोबर २०२३

चि. सौ. प्रमोदिनी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मला तुझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू सांगत नाहीस, म्हणून हा शाईचा खटाटोप. इकडे सर्व क्षेम. तुझी वहिनी म्हणते, मी शाळेतून नव्हे तर संसारातूनच निवृत्त झालोय, कारण दिवसभर आजोबांच्या फोर्डपाशी शेडमध्ये असतो. पण तू येऊन बघच. रेडिएटरचं पितळ चिंचेने घासून असं उजळलंय की त्यात बघून दाढी करावी. तू बोरगावचा सुतार शोधून दिलास, त्याने चाकांचे आरे बाभळीचे केले. जन्मभर बैलगाड्यांची चाकं केलेला माणूस, पण एक आरा डुगडुगत नाही. एकशे आठ वर्षांची गाडी, आणि सांधे माझ्यापेक्षा बरे.

आता मुद्द्याचं. नागेंद्र, माझा जुना विद्यार्थी, हे काम करतोय. त्याने परवा इंजिन उघडलं. पुढचं बेअरिंग जळालंय हे आपल्याला पासष्ट सालापासून माहीत होतं. पण तिथवर तेल नेणारी एक बारीक नळी असते. तिच्या तोंडात काळे पडलेले तांदळाचे दाणे गच्च बसले होते आणि इंजिनाच्या तळाशी एक अख्खी सुपारी. नागेंद्र म्हणतो की सर, तेल काठोकाठ असतं तरी ह्यातनं थेंब पुढं गेला नसता, चढाला तर न्हायच.

म्हणजे आपल्या ड्रायव्हरने, भरमूमामाने, तेल घातलं होतं. तेल घातलं नाही म्हणून आप्पांनी त्या दसऱ्याला त्याला काढून टाकलं, ते विनाकारण. तू तेव्हा सात वर्षांची होतीस. इंजिनात अक्षता कशा गेल्या असतील, तुला काही आठवतं का? दोन दिवस मला अन्न गोड लागलेलं नाही.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर यावं.

तुझा
उपेंद्र


निपाणी
८ ऑक्टोबर २०२३

ती. अण्णास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारीच पोचलं. तेव्हापासून तीन कागद फाडले, हा चौथा. अक्षता मी घातल्या, अण्णा.

खंडेनवमीला आईने आप्पांची लेखणी, आजोबांची तलवार आणि गाडी अशी सगळ्यांची पूजा केली. गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पण तिला खायला कुणी काही दिलं नाही असं माझ्या मनाने घेतलं. भरमूमामा इंजिनावरचं एक झाकण काढून तेल ओतायचा आणि मला सांगायचा की हे गाडीचं त्वांड, हितनंच ती जेवती. सगळे आत गेल्यावर मी ते झाकण काढलं, मूठभर अक्षता आणि विड्यावरची सुपारी आत सोडली आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मावशीकडे निपाणीला येताना वंटमुरीच्या घाटात गाडी कर्कश आवाज करून थांबली. मेकॅनिक म्हणाला की तेल पोचलंच नाही. आप्पांनी ऐकलं की तेल घातलंच नाही. गाडीला माझी सुपारी बाधली हे मला तेव्हाच कळलं होतं, पण माराच्या भीतीने गप्प बसले. पुढे विसरल्याचं सोंग आणलं आणि तेच अंगवळणी पडलं.

त्याच्या गावी, कंग्राळीत, भरमूमामाला तेलचोर म्हणायचे, तुला माहीत आहे का? आप्पा वकिलांचं तेल विकून खाल्लं म्हणून. पुन्हा कुणी त्याच्या हातात गाडी दिली नाही, आयुष्यभर भावाच्या शेतात राबला. मला त्याच्या पायांवर डोकं ठेवायचं आहे. माझ्याबरोबर चल. तू तरी दोषातून मोकळा आहेस. त्याने तेल तपासलं का असं आप्पांनी विचारलं, तेव्हा तू ‘मी नाही बघितलं’ असं खरं तेच सांगितलंस. पाप माझंच आहे.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा ह्या पत्रानंतरही राहू दे.

तुझी
प्रमोदिनी


शहापूर, बेळगाव
१४ ऑक्टोबर २०२३

चि. सौ. प्रमोदिनी हिस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून रडू आलं आणि लाजही वाटली. रडू तुझ्यासाठी, लाज माझी मला. तू सात वर्षांची होतीस आणि नैवेद्य दाखवलास. मी अकरा वर्षांचा होतो आणि मी बघितलं होतं.

त्या दसऱ्याला सकाळी भरमूमामा परीटघडीच्या कपड्यांनिशी गाडीखाली उताणा झोपला. तेल आहे का बघायला तळाची बारकी तोटी सोडून त्याने बोटावर तेल घेतलं. हे मी चार पावलांवरून बघितलं. पण आदल्या दिवशी मी गाडी चालू करायचं पुढचं हँडल फिरवायला गेलो, तेव्हा त्याने मित्रांदेखत माझ्या थोबाडीत दिली होती. ते उलटं फिरलं की मनगट मोडतं, हे मला आज कळतं. तेव्हा फक्त गाल झोंबत होता. आप्पांनी घाटात विचारलं आणि मी म्हणालो की मी नाही बघितलं. त्या एका वाक्यावर त्याची नोकरी गेली. पुढे छत्तीस वर्षं मी फळ्यावर सुविचार लिहिले, त्यात खरे बोलावे हाही असायचा.

नवं बेअरिंग बसलंय. खंडेनवमीला गाडी घेऊन कंग्राळीला जाऊ. तू बसने ये आणि हायवेला फाट्यावर उतर. मी तिथे असेन.

असल्या भावावर जमेल तेवढाच लोभ ठेव.

उपेंद्र


निपाणी
दसरा, २४ ऑक्टोबर २०२३

ती. अण्णास शि. सा. न.

काल फाट्यावर गाडी होती, नागेंद्र होता, तू नव्हतास. सरांचा गुडघा धरलाय म्हणे. हा गुडघा मी ओळखते. आप्पांची हाक आली की धरायचा, तोच तो. तुला भेटले असते तर तोंडून भलतंच गेलं असतं, म्हणून कंग्राळीहून परस्पर परतीची बस धरली.

गाडी दारात थांबली तशी गल्ली जमली. भरमूमामा ब्याऐंशीचा आहे, ताठ आहे. मी सगळ्यांसमोर सगळं सांगितलं आणि पाय धरले. त्याने मला उठवलं. म्हणाला की पोरी, तू देवाला घातलंस, त्यात पाप न्हाय. आन् तेलचोर म्हणणारी समदी मेली, ऐकणारा मीच तेवढा ऱ्हायलोय. मग त्याने दोनदा विचारलं की धाकलं मालक आलं न्हाईत का. मी तुझा गुडघा सांगितला. अण्णा, तुझ्यासाठी मी आणखी एक खोटं बोलले.

मग नात नको नको म्हणत असताना तो नव्या धोतरानिशी गाडीखाली झोपला. तोटी सोडून बोटावर तेल घेतलं आणि बाहेर आला. गाडीत बसला मात्र नाही. नातीकडून, सौम्याकडून, वहीचा कागद मागून घेतला आणि त्यावर बोट टेकवलं. म्हणाला की त्या दिवशी गाडीखालनं मला त्याचं पाय दिसत हुतं. पोराचं वय हाय म्हणून गप बसलो. आता ते वय न्हाय. बघितलं का न्हाय, त्यानं सांगावं.

तोच हा कागद. खालचा डाग माझ्या हातचा समजू नकोस.

तुझ्यावरचा लोभ कमी झालेला नाही, हेच मला जड जातंय.

प्रमोदिनी


पोस्टकार्ड
शहापूर, बेळगाव
२७ ऑक्टोबर २०२३

ती. भरमूमामा यांस शि. सा. न. वि. वि.

सौम्याने हे मोठ्याने वाचून दाखवावं. कार्ड मुद्दाम उघडं पाठवतोय. पोस्टमनने वाचावं, गल्लीनेही वाचावं.

पासष्ट सालच्या दसऱ्याला सकाळी तुम्ही गाडीखाली झोपून तेल तपासलंत. तेल होतं. मी बघितलं होतं. आप्पांना मी खोटं सांगितलं.

माझा गुडघा ठणठणीत आहे. ५ तारखेच्या रविवारी गाडी घेऊन येतो. तुम्ही बसला नाहीत तरी मी दारात उभा राहीन.

इथे लोभ असावा असं लिहायची रीत आहे. मला तो हक्क नाही, म्हणून लिहीत नाही.

उपेंद्र