दुसरं कडवं

६ एप्रिल, रविवार
सुंदर आज रेकॉर्डसोबत गाताना दुसऱ्या कडव्याला थांबली. आमच्या लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, कधी थांबली नव्हती.

रेकॉर्डही तिचीच, आवाजही तिचाच. सतराव्या वर्षी धुळ्याला एका छोट्या कंपनीसाठी गायलेलं, आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, झोक्याचं गाणं. दोनशे रेकॉर्ड निघाल्या, माझ्या माहितीत ही एकच उरली. मी ती लग्नाआधीच विकत घेतली होती — आधी आवाज पसंत केला, मग मुलगी पाहिली! तेव्हापासून रविवारी जेवण झालं की मी रेकॉर्ड लावायची आणि हिने स्वयंपाकघरातून तिच्यासोबत गायचं, हा नेम.

आज पहिलं कडवं झालं आणि गप्प. विचारलं तर म्हणाली, "काही नही, घसा सुकना." सुई बदलायला हवी. खरखर वाढली आहे, सूर सापडला नसेल.

९ एप्रिल
भाजीत मीठ दोनदा. दही घातलं. खाल्ली.

१३ एप्रिल, रविवार
जळगावहून नवी सुई आली. सकाळी दीपमालाचा फोन. लेक बँकेत आहे, तिला प्रत्येक गोष्टीची नक्कल हवी. "आबा, फोनमध्ये घेऊन ठेवू. उद्या पडली, फुटली तर?"

नाही म्हणालो. फोनमधलं गाणं म्हणजे साय काढलेलं दूध. शंभरदा वाजतं, म्हणून एकदाही कोणी ऐकत नाही. रेकॉर्ड दर वेळी थोडी झिजते. म्हणून तर हात पुसून, पंखा बंद करून समोर बसावं लागतं. वाजवणाऱ्याला माहीत असतं की आपण काहीतरी खर्च करतोय. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले मी, मला शिकवू नये.

दुसऱ्या कडव्याला पुन्हा गप्प. सुई तर नवी होती.

१९ एप्रिल
त्रेचाळीस अंश. सुंदर मेथी आणायला गेली ती दीड तास आलीच नाही. शेवटी शेजारचा वना तिला हाताला धरून घेऊन आला. "वहिनी स्टँडवर बसेल व्हत्यात. पारोळानी गाडी कव्हय शे, अशी इचारी ऱ्हायन्थ्यात."

पारोळा तिचं माहेर. तिथे आता कोणीच नाही. ऊन लागलं असेल. कैरीचं पन्हं दिलं, झोपवलं. वना दारातच घुटमळत होता, अजून काही बोलायचं होतं त्याला. मी दार लावून घेतलं.

२० एप्रिल, रविवार
रेकॉर्ड लावली नाही. उगाच झिजते, असं तिला सांगितलं. खरं कारण इथेही लिहवत नाही.

३० एप्रिल, आखाजी
दीपमाला माहेरपणाला आली. पुरणपोळी, आमरस. सांजोऱ्या मात्र लेकीने केल्या, सुंदर नुसती पिठाकडे बघत बसली होती.

दुपारी रेकॉर्ड लावली. पहिलं कडवं सुंदर मोकळ्या गळ्याने गायली. दुसरं आलं तेव्हा तिने लेकीच्या ओठांकडे पाहिलं आणि एकेक शब्द तिथून उचलून गायली. मी पाहिलं. दीपमालानेही पाहिलं.

निघताना म्हणाली, "आबा, आईला डॉक्टरांना दाखवू या." मी भडकलो. म्हटलं, तुला गाण्याचीही काळजी, आईचीही काळजी, तुझ्या नवऱ्याची कर. पुन्हा नकलेचं विचारलं. पुन्हा नाही म्हणालो. तिने फ्रिजवरचा आपला फोन उचलला आणि गेली. सणाच्या दिवशी लेकीला असं बोलायला नको होतं.

७ मे
पंचेचाळीस. वैशाखातलं कडक ऊन, धान्याला, गोधड्यांना ऊन दाखवायचे दिवस. सुंदरने सकाळीच गहू काढले, गच्चीवर जुनं लुगडं अंथरलं, पेटीतले कपडे झटकले. कोणाला सांगावं लागलं नाही. हात आपोआप चालतात. पाहून फार बरं वाटलं. मीच भित्रा, दुसरं काय.

८ मे
तरी आज डॉक्टरांकडे एकटाच जाऊन आलो. तिला काही सांगितलं नाही. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "त्यांना घेऊन या. उशीर करू नका." घरी यायला दोन वाजले.

ती गच्चीवर होती. लुगड्यावर एका बाजूला गहू, एका बाजूला गोधड्या, आणि मध्ये रेकॉर्ड. कव्हरमधून काढलेली, स्वच्छ पुसलेली. कव्हर शेजारी, उडू नये म्हणून वर दगड. रेकॉर्डच्या कडा पापडासारख्या वळल्या होत्या.

"इतला वरीस झायात, कोनी ऊन नही दखाडं तिले," ती म्हणाली. "कसर लागी जाती ना."

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. ती पदर मुठीत धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "गहू बी उचली लेऊ का?"

प्लेयरवर लावून पाहिली. सुई नुसती उड्या मारते. एक ओळसुद्धा धड लागत नाही. चूक तिची नाही. आपल्या घरातली किमती वस्तू तिने प्रेमाने उन्हात ठेवली. मी वेळेवर ना रेकॉर्डची नक्कल घेऊ दिली, ना हिला डॉक्टरांना दाखवलं.

९ मे
दीपमालाला सांगितलं. तिने आधी आईची चौकशी केली. मग म्हणाली, "आबा, रागावू नका. आखाजीला मी फोन मुद्दाम फ्रिजवर ठेवला होता. सगळं घेतलंय." पाठवलंही लगेच. आपलेच दात आपल्याच घशात! अजून उघडून ऐकलं नाही. सोमवारची डॉक्टरांची वेळ मात्र घेतली.

११ मे, रविवार
जेवण झाल्यावर पंखा बंद केला, हात पुसले, फोन टेबलावर ठेवला. सुईची खरखर, माझं खाकरणं, आणि सतरा वर्षांची सुंदर आणि आजची सुंदर, दोघी एकत्र गाताना. हे त्या रेकॉर्डमध्ये कधीच नव्हतं.

ती स्वयंपाकघरातून आली, खुर्चीच्या कडेवर बसली. पूर्ण ऐकलं. संपल्यावर मी बंद करायला हात पुढे केला, तर तिने डोक्यावर पदर घेतला आणि परक्याशी बोलावं तसं मला म्हणाली,

"ऱ्हाऊ द्या भाऊ. मना मालक येतीन आते. त्यासले ऐकाडानं शे."