सोमवारची गोळी

सोमवार, ३ फेब्रुवारी
स्वरूपचा फोन. वय सत्तावीस, हुद्दा संपादक. आरोग्य पुरवणीला विषय दिला— यकृत आणि मूत्रपिंडातली वाहक प्रथिनं ऋणभाराचे सेंद्रिय रेणू पेशीतून आरपार कशी नेतात. मुदत सोमवार, सतरा तारीख. "सोप्पं करा काका. घरातलं उदाहरण द्या." बरोबर आहे. रत्नागिरीत सकाळी चहासोबत लोक दुसरं काय वाचणार?

थोरल्या बहिणीचा, आवडाताईचा, आज उपास, म्हणजे सांधेवाताच्या गोळीचा दिवस. डॉक्टरांनी आठवड्याला एकच सांगितली, ताईने तिला शंकराचा वार दिला. मासे नाहीत त्या दिवशी गोळी. दोन महिन्यांनी रक्त तपासायचं होतं, त्याला मात्र वार मिळाला नाही.

बुधवार, ५
पहाटेपासून जेटीवर बर्फातले बांगडे विकून ताईची बोटं सुजलेली. मेडिकलमधून पेनकिलरची दोन पाकिटं आणली. मेडिकलवाला माझा वाचक, चिठ्ठी मागत नाही. "जेवल्यावर एक, दिवसाला दोन," मी बजावलं. तीस वर्षं आरोग्यावर लिहितोय, अर्धा डॉक्टर आहेच. ताई म्हणाली, "उरलेलो अर्धो खंय ठेवलंस?"

रविवार, ९
उदाहरण सापडलं, तेही जेटीवर. मूत्रपिंडाची पेशी म्हणजे जेटी, वाहक प्रथिनं म्हणजे हमाल. रक्तातून आलेला माल उचलायचा, लघवीच्या बाजूला टाकायचा. हमाल मोजकेच. दोन होड्या एकदम लागल्या की एकीचा माल थांबतो.
ताईला वाचून दाखवलं. "हमालांक चाय कोण देता, ता पण लिही."

गुरुवार, १३
ताईचं तोंड आलंय. माशाचं तिखलं बाजूला सारून नुसती पेज घेतली. म्हटलं, चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना शिव्या दिल्यास, झिजणारच. तिने पेजही अर्धी ठेवली आणि आडवी झाली. घरात एवढी शांतता परवडते.

रविवार, १६
उद्या मुदत. फक्त खऱ्या औषधाचं एक उदाहरण हवं होतं. शोधलं, मिळालं, झोकात लिहून काढलं—
"सांधेवाताची आठवड्याची गोळी आणि पेनकिलर, दोन्हींना तेच हमाल लागतात. मूत्रपिंड थकलेलं असेल तर गोळी रक्तात साचू शकते. बहुधा पहिली खूण म्हणजे तोंडात फोड."
पूर्णविराम दिला. मग वाचलं.
ताईची पिशवी उपसली. दुसऱ्या पाकिटात तीन उरल्या होत्या. तिच्या दंडावर निळे डाग. "कधीपासून?" "असतले चार दिस. टोपली लागली असतली."
रिक्षा बोलावली.

सोमवार, १७
इस्पितळ. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स फार खाली आल्यात. आजची गोळी अर्थातच नाही, ताईला त्याचीच काळजी— वार चुकला. स्वरूपचे पाच फोन. लेख तयार आहे, पाठवला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मंगळवार, १८
डॉक्टरांनी विचारलं, "पेनकिलर कोणी दिली?"
मी तोंड उघडायच्या आत ताई फोड आलेल्या ओठांनी म्हणाली, "मीच आणलंय. ह्याका काय कळता औषदातला."