दशांशचिन्हापुढचं एकच घर

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (कोपरापासूनचा नमस्कार शेवटी करीन.) गुडघा कसा आहे? मामी म्हणाली, जिना उतरताना तुम्ही प्रत्येक पायरीला नावं ठेवता, म्हणजे तब्येत सुधारते आहे. तुम्ही आमच्या संस्थेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी खरेदी विभागात अजून तुमच्या शिस्तीच्या गोष्टी निघतात.

माझं म्हणाल तर प्रबंध पुरा झाला आहे, फक्त एक चित्रफीत राहिली आहे: एका जिवंत पेशीच्या दोन होतानाची. ती नाही तर पदवी नाही, असं माझ्या मार्गदर्शक बाईंनी स्वच्छ सांगितलं आहे. सूक्ष्मदर्शक वीस तारखेपर्यंतच आमचा, मग तो वर्षभर दुसऱ्या विभागात. पेशी तयार आहेत. तीन महिने त्यांना ऊब आणि खाणंपिणं वेळेवर देते आहे (स्वतः मात्र उभ्याउभ्या जेवते). अडलं आहे ते एका काचेवाचून. कव्हरस्लिप म्हणतात तिला: टपालाच्या तिकिटाएवढी, पापुद्र्यासारखी काच. पेशी तिच्यावरच वाढतात आणि भिंग खालून, तिच्यातूनच बघतं. ही काच ०.१७ मिलिमीटर जाड असणार असं धरूनच भिंग घडवलेलं असतं. जाडी चुकली की चित्र धुक्यात.

आता खरेदीचा अर्ज. त्यात जाडीच्या रकान्यात दशांशचिन्हापुढे एकच घर! मी सात हा आकडा चिमुकला करून कोपऱ्यात घुसवला, तर 'घराबाहेर लेखन' असा शेरा मारून अर्ज परत. मग खरेदी विभागातल्या साहेबांनी (आम्ही आपसांत त्यांना नियमराव म्हणतो) मोठ्या मायेनं स्वतःच्या हातानं ०.२ लिहिलं. काचा आल्या, ०.२ च्या, अगदी वेळेवर. पडद्यावर दिसते ती पेशी आहे की भिंगावर कुणी शिंकलं आहे, ते बाईंनाही सांगता येईना. तक्रार केली, तर नियमरावांनी 'बरं, मग पातळ' म्हणून ०.१ च्या मागवल्या. त्या चिमट्यात धरताच फुटायच्या, आणि वाचल्या त्या उबेनं वाकायच्या. पेशी डोळ्यांदेखत नजरेआड व्हायची. मला रडू आलं मामा, खरंच.

बरं, हव्या तशा काचांचा डबा पुरवठादारानं माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला आहे. पण स्वतः विकत आणते म्हटलं तर ती 'बाहेरची काच', यंत्राजवळ नेता येत नाही. शेवटी समिती बसली. पाच जण. तिघांनी काच उजेडात धरून पाहिली, एकानं खाली टाकून पाहिली (फुटली, तशी नोंद झाली) आणि तोडगा निघाला: दोन डबे ०.२ चे आणि एक डबा ०.१ चा घ्यावा, म्हणजे सरासरी ०.१७ भरते. मामा, गणित बरोबर आहे. मी दोनदा करून पाहिलं. मी म्हटलं, पेशी एका काचेवर बसते, तीन डब्यांच्या सरासरीवर नाही. त्यावर नियमराव म्हणाले, "ताई, पेशींनाही थोडं जमवून घ्यायला शिकवा."

असो. हा अर्ज कुणी बनवला देव जाणे, पण त्या महाभागाला माझा कोपरापासून नमस्कार. गुडघा शेकत जा.

तुमची लाडकी भाची

ता. क.: पत्र लिहून झाल्यावर अर्ज उलटून पाहिला. मागे बारीक अक्षरात लिहिलं आहे की या नमुन्यात बदल करण्याचा अधिकार फक्त तो तयार करणाऱ्याला. खाली सही तुमची, निवृत्तीच्या आदल्या दिवसाची. सोबत कोरा अर्ज पाठवला आहे. एक घर वाढवा आणि सही करा. तेवढंच काम होतं.

आणखी एक ता. क.: प्रामाणिक माणसाला दशांशाचं एक घर पुरतं, असं तुम्ही जेवताना नेहमी सांगायचात. पण तुमच्या चष्म्याचा नंबर पावणेदोन. चष्मेवाल्यानं मागे तो सरळ दोनचा करून दिला, तर 'सगळं धुकट दिसतंय' म्हणत तुम्ही दुकान डोक्यावर घेतलं होतंत, असं मामी सांगते. म्हणूनच पाकीट तिच्या नावे पाठवलं आहे आणि तुमचा चष्मा सकाळपासून तिच्याच कपाटात आहे. आत्ता हे वाचून दाखवते आहे ती तीच. सही कुठे करायची ते ती बोट ठेवून दाखवील. चष्मा सहीनंतर.