एसीच्या पंख्याची वायर

पंचशीला,

तू टँकरवर पाण्याला गेलीस, म्हणून चिठ्ठी ठेवली. दहाच्या बसनं आईकडं लातूरला दवाखान्यात चाललो.

सकाळी वडलांची गाडी खोलून बघितली. पंधरा-वीस वर्षांची जुनी गाडी, ग्यास कमी पडत असंल म्हणून मी दोनदा एसीत ग्यास भरून आणला. तू सांगत होतीस, "गाडी पळताना गार हवा येती, उभी राहिली की गरम." मी म्हणलो, "तुला काय कळतंय त्यातलं?" आज एसी लावून बॉनेट उघडलं, तर रेडिएटरपुढचा पंखा फिरतच न्हवता. उंदरानं वायर कुरतडलेली. जोडली, अन् उभ्या गाडीत गारवा आला.

सोमवारी आईला गाडीतनं नेताना टँकरच्या रांगेमागं तासभर उन्हात अडकलो, आई गरमीनं बेशुद्ध पडली. दवाखान्यात पाहुण्यांसमोर मी तुझ्यावरच ओरडलो, "हिनं काच उघडली, गारवा गेला!" काच उघडली म्हणूनच म्हातारी वाचली, असं डॉक्टर काल म्हणले. ते बी मी तुला सांगितलं न्हाई. लाज वाटली.

लई चुकलं माझं. आज पाहुण्यांना खरं काय ते सांगतो.

गाडी तुझ्यासाठी ठेवली हाय. शेजारचा भुजंग दुपारी तुला तीत बसवून दवाखान्यात घेऊन येईल, तुझं मन झालं तर. शुद्धीवर आल्यापासून आई तुझंच विचारायली. मला तिनं अजून हाक मारली न्हाई.

रामकिशन