पिंगळीत बसलेली गाडी

३ फेब्रुवारी

महिनाभर भटकायचं म्हणून पूर्ण्याहून निघालो आणि गाडीनं पिंगळीतच बसकण मारली! समोरून धूर – धूर कसला, वाफ! शाळेची जुनी व्हॅन घेऊन ह्यांनी आत पलंग बसवला, गॅस बसवला, पडदे लावले. इंजिनाकडे मात्र बघितलं नाही. त्यातलं ह्यांना ओ की ठो कळत नाही.

आणि बंद पडावी तर कुठे? माझ्या माहेरी! आई गेली तेव्हा मी वाटेत होते. अग्नी द्यायला दादा तासभरही थांबला नाही. तिचं तोंड शेवटचं बघायचं राहिलं ते राहिलंच. आठ वर्षं आम्ही बहीण-भाऊ एकमेकांशी बोललेलो नाही.

कुणीतरी त्याला सांगितलं असणार. ट्रॅक्टर घेऊन आला. माझ्याकडे बघितलंही नाही. ह्यांना म्हणाला, "दाजी, न्यूटरलला टाका, वढून नेतो." आता गाडी त्याच्या अंगणात उभी आहे. मी गाडीतच झोपणार. त्याच्या घराची पायरी चढायची नाही म्हणजे नाही.

४ फेब्रुवारी

परभणीहून पप्पू मिस्त्री आला. पाण्याचा पाइप फुटला होता, नवा टाकला. म्हणाला, "काकू, इंजिन म्हातारं हाय, पन लय इमानी. पानी तेवढं बघत जावा." पहिल्याच चावीला सुरू! त्या आवाजानं जीव हरखला. देव त्याचं भलं करो.

दैवशाला वहिनीनं भाकरी-ठेचा गाडीत आणून दिला. मलाच ओशाळल्यासारखं झालं. उद्या सकाळी निघायचं.

५ फेब्रुवारी

सुरू होईना! चावी फिरवली तर दिवासुद्धा नाही. दादानं वाकून बघितलं, मान हलवली. "आज काय जमत न्हाई, दाजी," म्हणाला आणि शेतात गेला.

दुपारी बघते तर गाडीच्या दाराशी हरभऱ्याचे ढाळे, घाट्यांनी लगडलेले. लहानपणी तोच सोलून माझ्या मुठीत द्यायचा. खाल्ले. चांगले पोटभर खाल्ले.

६ फेब्रुवारी

आजही तेच. दादानं परत वाकून बघितलं, परत मान हलवली. पप्पू लग्नाला गेलाय, परवा येतो म्हणाला.

वहिनी हात धरून घरात घेऊन गेली. गेले. आईच्या फोटोला ताजी शेवंती होती. वहिनी म्हणाली, "ताई, हे रोज म्हनतेत, मी थांबायला पायजे व्हतं. पन तुमाला सांगायचं म्हनलं की जीभच उचलत न्हाई." तिच्या गळ्यात पडून खूप रडले.

बरं झालं गाडी बंद पडली! नाहीतर मी पिंगळीवरून मान वळवून सरळ पुढे गेले असते. त्या म्हाताऱ्या इंजिनाचे उपकारच. पण दादा अजून माझ्याशी बोललेला नाही. मीही नाही.

७ फेब्रुवारी

पहाटे बाहेर खुडबुड ऐकली. दार उघडलं. दादा! हातात पाना, बॅटरीची एक वायर आधीच सुटलेली, दुसरी सोडवत होता. मला बघून तसाच उभा राहिला.

"अजून दोन दिस ऱ्हा की," म्हणाला. मला.

आतून हे ओरडले, "काय झालं गं?"

"काही नाही. झोपा. गाडी आजही सुरू होणार नाही!"