पक्कं व्हायचंय

३ डिसेंबर
आन् एक बाज अंगणात काढली तर एवढं काय झालं? सुट्टी संपवून युनिटात येऊन पंधरवडा झाला, दादा फोनवर अजून तेच उगाळतोय. ऊन डोक्यावर आलं तरी घोरत होता. दादासकट बाज उचलून अंगणात ठेवली. हितं उशिरा उठणाऱ्याचं असंच करतात. शेजारी हसले, तेच लागलं त्याला.
"घरात उस्तादगिरी न्हाय चालायची. चार वर्सं भरली की मोडनिंबलाच यायचंय. हायवेला हॉटेल टाकू."
मला फौजेतच पक्कं व्हायचंय. आम्ही अग्निवीर, चार वर्सांनी चौघांत एकाला ठेवतात.

७ डिसेंबर
सकाळी रगडा. सावंत गिनतीला, हजेरीच्या रांगेत, टोपी विसरून आला. तो माझा बडी, जोडीदार, कोकणातला. बडी चुकला की शिक्षा दोघांना. सामानाचा पिट्ठू पाठीवर, मैदानाला चकरा. सावंत म्हणतो, "माझ्यापायी तू पण मरतोयस." म्हणलं टोपी शिवून घे डोक्याला.

१२ डिसेंबर
दादाचा फोन. झोपेत होतो, रगडा घेणारे उस्तादच वाटले, "जी उस्ताद" म्हणून गेलो. लई हसला. मग परत हॉटेल.
"साठवलेलं दे. जागेचा विसार द्यायचाय."
न्हाय म्हणलं.
"मग जन्मभर फौजेच्या लंगरातलं खाणार का?"
व्हय. खाणार.
मागून वहिनी, "भावजी, ह्यांना उठवायला तरी या की."

१९ डिसेंबर
पक्कं करायची टेस्ट. पाच किलोमीटर, रायफल, पिट्ठू. निम्म्यात सावंतच्या पोटरीत गोळा. "थांबू नको मोडनिंब, पळ." गावाच्या नावानंच हाक मारतो मला. थांबलो न्हाय. पोचलो, टाइम चांगला. मग उलटा गेलो, त्याच्या बाजूनं शिव्या घालत आणला. काठावर पास.
उस्ताद, "किसने बोला था वापस जाने को?"
"बडी हाय, उस्ताद." मराठीतच निघालं तोंडातून.
उस्ताद टेस्ट घेणाऱ्या साहेबांच्या कानात कायतरी बोलले. चांगलं का वाईट, कळंना. रायफल कोतात, हत्यारांच्या खोलीत, जमा केली, झोपलो.

२३ डिसेंबर
निकाल न्हाय. कुणी म्हणतं दोन महिने, कुणी म्हणतं जास्त. सावंतनं पेटी आवरायला घेतली. मी न्हाय घेणार. रोज पळणार.
आईचा फोन. मोतीबिंदू पिकलाय, दादा सोलापूरला दाखवून आला. मला बोलला न्हाय. आई म्हणली, "राग धरू नगं. एकट्याला जड जातंय त्याला." हे त्यानं सांगितलं असतं तर...
हॉटेलात एक रुपया घालणार न्हाय. डोळ्याचं मी बघतो. दादाच्या खात्यावर टाकले, अठरा हजार.