दाराबाहेरच्या चपला

नाही मामा, हे काही बरोबर नाही. मागच्या पत्रातही तुम्ही हेच लिहिलं होतंत, फक्त या वेळी लाल शाईनं लिहिलंत. "आपली माणसं नाहीत ते शहर राहण्यालायक नाही, मुकाट्यानं परत ये." (हे कोण सांगतंय, तर ज्यांनी आपल्या माणसांच्या कटकटीला कंटाळून थेट स्मशानापलीकडे घर बांधलं ते!) तुमच्या हार्डवेअरवाल्या दोस्तानं माझ्यासाठी दुकानातली जागा अडवून ठेवलीय आणि महिनाअखेर उत्तर हवंय, हे वाचून मला आनंद झाला. म्हणजे झाला असं धरून चालावं.

रागाच्या भरात नमस्कार राहिला, तो इथे घ्यावा, साष्टांग. मामीलाही सांगावा आणि तिच्या गुडघ्याची चौकशी केली म्हणावं. तुमच्या तब्येतीचं विचारत नाही. अक्षरावरून तुम्ही ठणठणीत दिसता. माझं वजन वाढलंय. आईला एवढंच सांगा, कुठे वाढलंय ते नको.

तर या शहरात चांगलं काय, असं तुम्ही विचारता. खरं सांगू? काही नाही. मी हॉटेलांच्या चादरी धुण्याच्या कारखान्यात आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. चादर इस्त्रीच्या रुळातून कढत बाहेर येते, दोघांनी तिचे चार कोपरे धरायचे, एकमेकांकडे चालत यायचं, कोपरे जुळवायचे, पुन्हा मागे. माझ्या समोर एक दाढीवाला असतो, त्याला तोंड आहे पण ते तो वापरत नाही. दिवसभर आम्ही अंतरपाट धरल्यासारखे उभे. मंगलाष्टकं कुणी म्हणत नाही आणि लग्नही लागत नाही. खोलीची खिडकी उघडली की समोरच्या भिंतीला हात लागतो. जिन्यात माणसं भेटली तर मान हलवतात आणि पुढे जातात. कुठला, पगार किती, लग्न झालं का, एक अक्षर विचारत नाहीत. पहिल्या आठवड्यात मला शंका आली, की आपण मेलोबिलो की काय आणि सांगायचं राहून गेलं!

बरं, आईच्या वळणाप्रमाणे मी चपला दाराबाहेर काढायचो. सकाळी बघतो तर गायब. दुसऱ्या घेतल्या, त्याही गेल्या. तिसऱ्या वेळी आईनं दिलेल्या चामड्याच्या होत्या, म्हणून दाराच्या कडीला सुतळीनं बांधून ठेवल्या. सकाळी सुतळी तिथेच, नीट गुंडाळून ठेवलेली! चोर असावा तर असा. मी मात्र मनात म्हणायचो, काय बावळट माणसं आहेत. कारण हीच माणसं आपल्या खुर्च्या, दिवे, कढया बाहेर विसरायची आणि मी त्या गुपचूप उचलून आणायचो. माझी निम्मी खोली त्यातूनच सजलीय. (हे आईला वाचून दाखवू नये.)

मग एका रविवारी तळमजल्यावरचे म्हातारे कुंड्यांना पाणी घालताना दिसले आणि त्यांच्या पायात माझ्या चामड्याच्या चपला! खात्री करावी म्हणून मी अंगठ्याजवळची शिवण बघायला खाली वाकलो. त्यांना वाटलं मला घेरी आली. धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं, गरम चहा पाजला. मला त्यांची भाषा मोडकीतोडकी येते, त्यात 'चोर' हा शब्द अजून शिकलो नव्हतो, त्यामुळे मी चहा पिऊन धन्यवाद म्हणून आलो.

सोमवारी दाढीवाल्याला हातवारे करून सगळं सांगितलं, तर तो पहिल्यांदा बोलला, आणि इतका हसला की दोन चादरी पुन्हा धुवायला गेल्या. "अरे येड्या, दाराबाहेर ठेवलं म्हणजे ज्याला हवं त्यानं न्यावं!" म्हणजे मामा, चोर कुणीच नाही. मी आपला दर पंधरवड्याला नवीकोरी चपलांची जोडी दान करत होतो!

आता हे समजावून चपला परत मागाव्यात म्हणून संध्याकाळी खाली गेलो, तर म्हातारबाबांनी मला हाताला धरून जिन्यातल्या चार जणांपुढे उभं केलं. "हा तो मुलगा. स्वतःच्या पायातलं काढून देतो." एका बाईंनी चक्क माझ्या पाठीवरून हात फिरवला. मामा, चपला मागायचं तसंच राहिलं. आपल्याकडे मी गल्लीत शिरलो की पानवाल्यापासून सगळे विचारतात, "काय रे, ही कितवी नोकरी सोडलीस?" आणि त्यांचं चूक नाही, मी कुठे टिकलो? त्या दुकानात खिळे मोजून देईन, पण प्रत्येक गिऱ्हाईक खिळ्याआधी माझ्याकडे बघून पैज लावेल, किती दिवस. इथे ती पैज लावायला कुणाला माहीतच नाही काही. इथे मी दानशूर आहे. फुकटचा का असेना. थंडीतापात पडलो तेव्हा तेच म्हातारे चार जिने चढून आले आणि मला इतकं झापलं, की मला क्षणभर तुम्हीच आलात असं वाटलं. शब्द अर्धेच कळले, सूर पूर्ण ओळखीचा.

म्हणून सांगतो, शहर चांगलं की वाईट हे नळाच्या पाण्यावरून किंवा भाड्यावरून ठरत नाही. इथे मी दीड वर्ष एका जागी आहे. तुम्ही मला दीड महिना तरी एका जागी बसलेला पाहिलाय का?

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना जसं शोभेल तसं.

तुमचा,
डोक्याला ताप

ता. क. दुकानातली जागा माझ्या धाकट्या भावाला द्यावी. तो शांत आहे, त्याला खिळे आवडतील. आणि हे आईला तुम्हीच सांगा. तुम्ही सांगितलंत की ती आधी तुमच्यावर ओरडते, माझ्यापर्यंत येईस्तोवर तिचा घसा बसलेला असतो.

पुन्हा ता. क. "निदान परतीच्या तिकिटापुरते तरी साठवतोस ना?" असं आईनं मागे विचारलं होतं. साठवले होते. ते तिलाच पाठवतोय, माडीचा पत्रा बदलून घ्या. सगळे आहेत, मागे काही ठेवलेले नाहीत. रुपये एकेचाळीस हजार.